कढईभर संशय

६ जून

ताई,

फोन करता आला असता. पण फोनवर मी काही विचारलं की तुम्ही "अगं, दाराशी कुणीतरी आलंय" म्हणून ठेवून देता. कागदावर उत्तर द्यावंच लागेल, म्हणून लिहायला बसले. ह्या पत्राचं ह्यांना कळता कामा नये.

विषय असा की तुमचा भाऊ स्वयंपाक करायला लागलाय.

हसू नका. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाला चहाचं पातेलं कुठल्या फळीवर असतं ते माहीत नव्हतं. जेवायला बसले की मात्र नाक वर. "लसूण जरा जास्तच परतला गेलाय." "दूध कालचं आहे का?" साबणाच्या कारखान्यात नाकावर पोट भरणारा माणूस, ह्यांनी हुंगल्याशिवाय तिथली एक वडी बाहेर पडत नाही. मी म्हणायचे, बाहेर नाकाचा पगार मिळतो, घरात त्याचा त्रास फुकट आहे.

मार्चमध्ये तुमच्याकडे पडदे लावून द्यायला म्हणून आले. चार दिवसांसाठी गेलेला माणूस महिनाभर राहिला आणि परतला तो हे वेड घेऊन. आता दर शनिवारी घरात माणसं जेवायला. आणि पदार्थ कायम एकच: ते सुकं, तिखटजाळ चिनी चिकन. आधी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर लावून ठेवायचं, मग दोनदा तळायचं, मग मोठ्या आचेवर आलं, लसूण आणि सुक्या लाल मिरच्या. मिरच्या किती? कढईत चिकन शोधावं लागतं इतक्या. वर ती चिनी मिरी. दिसायला तिरफळासारखी, आणि दाताखाली आली की जीभ झोपलीच म्हणून समजा. घरभर असा ठसका उठतो की वरच्या मजल्यावरचे लोक खिडक्या लावून घेतात. आम्ही सगळे खोकून बेजार, आणि हे डोळे पुसत पुसत ढवळत असतात.

येतं कोण? समोरचे गणिताचे मास्तर आणि मास्तरीणबाई, खालचा दातांचा डॉक्टर, आणि ह्यांच्या प्रयोगशाळेतली एक बाई. मी तिला मनात चष्मेवाली म्हणते. ती सगळ्यांच्या आधी येते आणि तडक स्वयंपाकघरात जाते. हे स्वतः चव बघत नाहीत, ताई. चमचा तिच्या तोंडापुढे धरतात. ती डोळे मिटते, चाखते, हळूच काहीतरी सांगते. हे मान डोलावतात आणि पुन्हा थोडा लसूण टाकतात. मी दारात उभी असते, माझ्याच घरात, हातात रिकाम्या ताटल्या घेऊन.

मी विचारलं, "कुठे शिकलात हे?" म्हणाले, "मोबाईलवर बघून."

तुम्ही सांगा, कुठे शिकले?

तुमची,
फोटोवाली

१४ जून

फोटोवाले,

लोकांच्या हाडांचे फोटो काढून काढून तुला माणसाच्या आत बघायची खोडच लागलीय. नवरा चिकन करतो म्हणून कुणी पत्र लिहितं का? माझ्या नवऱ्याने उभ्या जन्मात कांदा चिरला असता तर मी पेढे वाटले असते.

बाबू शिकला तो आमच्याच इमारतीत. तळमजल्यावर एक आचारी राहतो, चायनीज हॉटेलात कामाला आहे. भला माणूस. बाबू इथे असताना त्याच्याशी गट्टी जमली, त्याच्यामागे उभा राहून राहून शिकला. यात विशेष काय?

आणि राहिला महिनाभर, तर बहिणीकडे राहिला. पडदे लावले, नळ दुरुस्त केला, थोडी विश्रांती घेतली. त्याला गरज होती. लहानपणापासून तो असाच आहे; एखादी गोष्ट डोक्यात शिरली की दुसरं काही सुचत नाही. एकदा पतंग, एकदा बासरी, आता हे. उतरेल.

त्या बाईबद्दल म्हणशील, तर तिच्याविषयी मला काही माहीत नाही. प्रयोगशाळेतली आहे म्हणजे तिला चवीतलं कळत असेल. तू उगाच राईचा पर्वत करू नकोस. आणि बाबूला फार प्रश्न विचारू नकोस, त्याला त्रास होतो.

तुझं पाठदुखीचं काय झालं ते लिहिलं नाहीस.

तुझी,
ताई

२३ जून

ताई,

पाठ दुखतेच आहे. विषय बदलू नका.

हे म्हणतात मोबाईल, तुम्ही म्हणता आचारी. दोघांपैकी एक जण खोटं बोलतोय. आचारी असेल तर मला सांगायला काय हरकत होती? आणि "त्याला गरज होती" म्हणजे कसली गरज? घरात काय ह्यांना मी दगड फोडायला लावते?

तुम्ही म्हणालात प्रश्न विचारू नकोस. नाही विचारले. पण डोळे मिटून बसायचं असं काही ठरलं नव्हतं.

मंगळवारी माझ्या हातून दूध करपलं. घरभर वास. मी ते फेकणारच होते, पण मनात आलं, बघू तरी. तसंच गाळून ह्यांच्या कॉफीत घातलं. वर्तमानपत्र वाचत वाचत कप संपवला आणि म्हणाले, "छान झालीय." ताई, ह्याच माणसाने एकदा माझ्या मावशीकडे सगळ्यांसमोर कप खाली ठेवून विचारलं होतं, "हा कप कांद्याच्या ताटाजवळ ठेवला होता का?"

दुसऱ्या दिवशी मी दुकानात जाऊन नवं अत्तर घेतलं. चांगलं भडक. लावून ह्यांच्या अगदी खांद्याशी उभी राहिले, वाकून पाकीट उचललं. ह्यांनी मान वर केली नाही. मी काय करते, काय शिजवते, काय लावते, ह्या माणसाला काही म्हणजे काही पडलेलं नाही. भांडला असता तरी बरं वाटलं असतं.

आता खरं ऐका. कारखान्यातला एक मुकादम मनगट मोडून माझ्याकडे एक्स-रेला आला. मी कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. हात सरळ ठेवा म्हणता म्हणता मी सहज विचारलं, तुमच्याकडे ते वास तपासणारे साहेब आहेत ना? तो म्हणाला, "आहेत की. पण हल्ली साहेब एकटे तपासत नाहीत. बाईंना आत घेतात आणि दार लावून घेतात. पूर्वी दार सताड उघडं असायचं."

मी भलत्याच वेळी बटण दाबलं, ताई. फोटो दुसऱ्यांदा काढावा लागला.

येत्या शनिवारी मी ह्यांना सांगणार आहे की माझी संध्याकाळची ड्यूटी लागलीय, पाहुण्यांचं तुम्ही बघून घ्या. आणि सगळे यायच्या आधी, ती एकटी आलेली असेल तेव्हा, माझ्या किल्लीने दार उघडणार आहे. काय असेल ते एकदाचं डोळ्यांनी बघेन.

तुम्हाला ह्यातलं काही माहीत असेल तर आत्ताच लिहा.

फोटोवाली

२७ जून

फोटोवाले,

पत्र आजच मिळालं, आजच टाकतेय.

असलं सोंग करू नकोस. बाबू तसा नाही, हे मी तुला छातीवर हात ठेवून सांगते. त्याच्यासमोर बस आणि सरळ विचार. मी म्हटलं होतं विचारू नकोस, ते मागे घेते. विचार. मी सांगू शकत नाही, त्याने सांगायला हवं.

आणि एक ऐक. तो स्वयंपाक करत असताना त्याला घरात एकटं ठेवू नकोस. कुणीतरी जवळ असू दे. तू नसशील तर ती बाई असली तरी चालेल, पण कुणीतरी असू दे. का ते विचारू नकोस.

ताई

२ जुलै

ताई,

तुमचं पत्र शनिवारी दुपारी मिळालं, मी खोट्या ड्यूटीला निघताना. जिन्यात उभ्या उभ्या वाचलं. "त्याला एकटं ठेवू नकोस" वाचून मी काय समजले असेन? मी म्हटलं, झालं, म्हणजे बहिणीलाही खात्री नाही. आणि "ती बाई असली तरी चालेल" वाचून तर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बहीण-भाऊ सामील आहेत, एवढंच मला त्यातून कळलं.

बागेत जाऊन बसले. तिला काय काय बोलायचं ते मनात तयार केलं. चांगली वाक्यं जुळवली होती, ताई. एकही वापरता आलं नाही.

संध्याकाळी दबक्या पावलांनी वर गेले. कुलपात किल्ली अशी फिरवली की मलाच ऐकू येऊ नये. दार उघडलं आणि आत पाऊल टाकायच्या आधी नाकात गॅस शिरला. थोडाथोडका नाही, सगळं घर भरलेलं.

स्वयंपाकघरात हे एकटेच. चष्मेवालीचा पत्ता नव्हता. मागच्या शेगडीवरचा भात उतू जाऊन आच विझली होती आणि बटण तसंच चालू. ह्यांची तिकडे पाठ. मिरच्या कात्रीने कापून झाल्या होत्या, लसूण ठेचून झाला होता, वाट्या ओळीने मांडलेल्या. पुढच्या शेगडीवर तेलाची कढई. आणि ह्यांच्या हातात लायटर.

मी ओरडले, "लावू नका!"

हे दचकून वळले. "तू? ड्यूटी नव्हती का?"

"हात खाली घ्या. लायटर ठेवा तो. ठेवा म्हणते ना!"

माझा अवतार बघून ठेवला. मी बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या, ह्यांच्या दंडाला धरून ओढत बाहेर जिन्यात आणलं. हे आपले विचारतायत, "अगं पण झालं काय?"

"गॅस! घर भरलंय गॅसने! वास येत नाही तुम्हाला?"

ताई, हे पायरीवर बसले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नाही येत. मार्चपासून कशाचाच येत नाही."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "सर्दी झालीय का?"

"सर्दी नाही. गेलंय ते. तुझ्या डोक्याचा वास येत नाही, पावसाचा येत नाही, साबणाचा येत नाही. खाल्लेलं नुसतं खारट नाहीतर गोड लागतं, पुढे काही नाही. ताईकडे शिडीवरून पडलो तेव्हापासून."

तेवढ्यात चष्मेवाली जिना चढून आली. हातात पातीच्या कांद्याची जुडी. उघडं दार बघितलं, आम्हा दोघांना पायरीवर बसलेलं बघितलं, आणि मी काही बोलायच्या आत ह्यांना म्हणाली, "सांगितलंत?" ह्यांनी मान डोलावली. तर ती धपकन माझ्या खालच्या पायरीवर बसली. "सुटले बाई एकदाची. मला रात्रीची झोप नाही हो. ह्यांच्या जागी मी वास घेते आणि हे सही करतात. परवा मी रजेवर होते, तर लहान मुलांच्या साबणाचा एक घाणा खवट तेलाचा निघाला होता. ह्यांनी पास केला होता. मी दुसऱ्या दिवशी जाऊन अडवला म्हणून. किती दिवस अडवणार?"

ह्यांनी तिच्याकडे बघितलं. म्हणजे खवट साबणाचं तिने ह्यांनाही सांगितलं नव्हतं.

शनिवारच्या पंगतीचं कोडं मग माझं मलाच सुटलं, तरी विचारलं. म्हणाले, "दोघंच जेवायला बसलो की तू विचारतेस, कसं झालंय. चार माणसं असली की मी वाढत राहतो, तुझ्या लक्षात येत नाही."

मास्तर आले तेव्हा आम्ही तिघं जिन्यातच होतो. मी सांगितलं, आज जेवण नाही, गॅस गळलाय. दातांच्या डॉक्टरने सगळ्यांसाठी पाव आणले.

चष्मेवालीचा संशय धुतला गेला. तुमचा नाही. तुम्हाला सगळं माहीत होतं. तुमचा भाऊ भाजून मेला असता, आणि मी दारात उभी राहून तिला बोलायची वाक्यं जुळवत राहिले असते. तुम्ही "का ते विचारू नकोस" लिहिलंत. "त्याला वास येत नाही" हे तीन-चार शब्द लिहायला काय झालं होतं?

उत्तर नाही दिलंत तरी चालेल.

(सही करत नाही.)

१० जुलै

फोटोवाले,

चालणार नाही, उत्तर देणारच. त्यानंतर तू मला हवं ते बोल.

मी शिडी धरली होती. पडदा लावता लावता तो मागे सरकला आणि शिडीसकट गेला. डोक्याचा मागचा भाग फरशीवर आपटला. फोटो काढले तेव्हा हाडाला काही नव्हतं. आम्ही हसत घरी आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॉफी दिली आणि तो म्हणाला, "ताई, यात गरम पाण्याशिवाय काही नाही." डॉक्टर म्हणाला, नाकाची नस दुखावलीय, वर्षभरात येईल, थोडं येईल, नाहीतर नाही येणार. कुणी छातीठोक सांगू शकत नाही.

बाबू तिथेच मला म्हणाला, बायकोला कळता कामा नये. त्याचं म्हणणं, तू हॉस्पिटलातली, तू त्याला एका दिवसात रजा घ्यायला लावशील, आणि ज्याचं नाक गेलं त्याला कारखाना कशाला ठेवेल? आपोआप येईल तोवर गप्प बस, म्हणून त्याने माझा हात आपल्या डोक्यावर ठेवला. नको होता मी तो ठेवू द्यायला.

पण मला तुला ते दिवस सांगायचेत. तो जेवत नव्हता. ताट पुढे घेऊन बसायचा आणि भिंतीकडे बघायचा. म्हणायचा, कागद चघळल्यासारखं वाटतं. आमच्या तळमजल्यावरच्या आचाऱ्याने एक दिवस वाडगाभर ते चिकन आणून दिलं. मी म्हटलं, हे कुठलं खाणार तो. त्याने एक तुकडा तोंडात टाकला. थांबला. कानापर्यंत लाल झाला, नाक गळायला लागलं, ओठ थरथरायला लागले. म्हणाला, "ताई, जीभ आहे माझी! आहे अजून!" लहान मुलासारखा रडला, आणि रडत रडत सगळा वाडगा संपवला. वास नसला तरी आग कळते, बधिरपणा कळतो. तेवढंच त्याच्याकडे शिल्लक होतं. दुसऱ्या दिवसापासून तो आचाऱ्याच्या मागे उभा.

म्हणून मला ते चिकन वेड वाटलं नाही. पण गॅसची भीती मला होती, आणि ती स्पष्ट शब्दांत लिहायला मी कचरले. तुझं बरोबर आहे.

त्याने कारखान्यात सांगितलं का, एवढं तरी कळव.

ताई

२१ सप्टेंबर

ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण राग उतरायचा होता. पूर्ण उतरलाय असं समजू नका.

हो, सांगितलं. त्या गॅसच्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी बूट घालून दारात बराच वेळ उभे होते. मी म्हटलं, मी येऊ? म्हणाले, "नको, मी काही शाळेत चाललो नाही." संध्याकाळी आले ते काही न बोलता आंघोळीला गेले. मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं, पण इतके दिवस दुसऱ्याच्या नाकावर सह्या केल्या म्हणून चांगलं झापलं. ह्यांची खुर्ची चष्मेवालीला मिळाली. तिलाही ताकीद मिळाली, तरी खुर्ची तिलाच, कारण तिच्याशिवाय ते काम जमणारं दुसरं कुणी नाही. ह्यांना गोदामात टाकलंय. खोकी येतात, खोकी जातात. हे चिडचिड करतात. पहिले काही आठवडे माझ्याशीही धड बोलत नव्हते, जणू मीच शिडी हलवली.

मी ह्यांना आमच्या नाकाच्या डॉक्टरकडे नेलं. रोज सकाळी लवंग, लिंबू, गुलाब असं हुंगायला सांगितलंय, आठवून आठवून. हे हुंगतात. मी समोर बसते. अजून काही नाही. परवा लिंबाला म्हणाले, "काहीतरी आहे." मी लगेच संशय घेतला, म्हटलं मला बरं वाटावं म्हणून बोलताय. डोळे बांधून तीन बाटल्या पुढे धरल्या. दोन चुकले. पण लिंबू बरोबर सांगितलं. आता ते नशीब की नाक, मला माहीत नाही.

स्वयंपाकघरात गॅस गळला की कोकलणारं यंत्र बसवलंय. लसूण जरा जळला तरी तेही कोकलतं.

खरं लिहायचंय ते गेल्या शनिवारचं. मीच म्हटलं, बोलवा सगळ्यांना. चिकन ह्यांनीच केलं, मी शेगडीपाशी उभी. आलं पडलं, लसूण पडला, मी सांगत होते, "आता कच्चा आहे... आता खमंग येतोय... आता काढा, पुढे करपेल." चष्मेवाली बाहेर पाय पसरून बसली होती, पहिल्यांदाच पाहुणीसारखी.

सगळ्यांच्या ताटल्या भरल्या. आणि हे नेहमीसारखे वाढत न राहता खुर्ची ओढून मध्येच बसले. म्हणाले, "एक सांगायचं होतं. मला वास येत नाही. मार्चपासून. तुम्ही जे खाताय ते कसं लागतं मला माहीत नाही. तर जरा नीट सांगा."

ताई, सगळ्यांनी पुन्हा एकेक तुकडा तोंडात टाकला. डॉक्टर घसा खाकरून म्हणाला, आधी सोया सॉसचा खारट-गोड येतो, मग मिरची भाजल्याचा, जवळजवळ धुरासारखा. मास्तरीणबाई म्हणाल्या, आलं मागाहून येतं, ऊबदार. हे ऐकत होते, लहान मूल गोष्ट ऐकतं तसे. मी पाणी आणायला उठले.

तेवढ्यात मास्तरांनी चमचा खाली ठेवला. म्हणाले, "तुम्ही सांगितलंतच तर मीही सांगतो. मला गेली दोन वर्षं धड ऐकू येत नाही. कुणी बोललं की मी नुसती मान हलवतो."

मास्तरीणबाईंचा घास हातातच राहिला. त्यांनी सावकाश नवऱ्याकडे वळून विचारलं, "म्हणजे माझ्या आईला कायमची आपल्याकडे आणू का, असं मी विचारलं होतं, तेव्हा तुम्ही..."

मास्तरांनी मान हलवली.

ती हो म्हणून की ऐकू आलं नाही म्हणून, ते कुणालाच कळलं नाही. सगळ्यात आधी हसले ते हे. मार्चनंतर घरात तो आवाज मी ऐकला नव्हता.

पुढच्या महिन्यात या. चिडायचं शिल्लक आहे ते समोर बसून चिडेन.

तुमची,
फोटोवाली